चार मिनिटांची कॅसेट

रविवारी चार वाजता बाबांना ठाण्याला न्यायचं, असं सोमवारी संध्याकाळी आमच्या घरात ठरलं. ठाण्याला नेणं म्हणजे काय, ते मुंबईत तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नसे. तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं, भांडणात लोक सर्रास म्हणायचे, तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे. आमच्या घरात ते पहिल्यांदाच कुणीतरी भांडणाशिवाय, चहाचा कप खाली ठेवून म्हणालं.

म्हणाला तो माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. मुलुंडला राहायचा आणि बँकेत कारकून होता. वाईट माणूस अजिबात नव्हता. आईला म्हणाला, "वयनी, दादान चार म्हयने तोंड उघडूक नाय. आता जेवणय सोडल्यान. आणखी किती वाट बघतलस? थय शॉक देतत. माणूस बरो होता."

आई स्टोव्हकडे तोंड करून बसली होती. ती काहीच बोलली नाही, म्हणजे तिचा होकार होता. मला दोघांचाही इतका राग आला की मी उठून बाहेर नळावर जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर मलाही दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून राग जास्त आला.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याच्या एका चाळीत राहत होतो. एक खोली, मागे मोरी, मोरीशेजारी एक खिडकी. खिडकीच्या पलीकडे हातभर अंतरावर दुसऱ्या चाळीची भिंत होती. बाबांच्या गिरणीत संप झाला, तो संपला की नाही तेही कुणी धड सांगितलं नाही, गिरणी मात्र उघडली नाही. बाबा दोन-अडीच वर्षं काम शोधत फिरले. मग एक दिवस घरी आले, लाकडी खुर्ची उचलली, त्या खिडकीशी नेऊन ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हापासून तसेच बसलेले होते. हाक मारली तरी उत्तर नाही. ताट मांडीवर ठेवलं तर चार घास खायचे. गेल्या पंधरवड्यापासून तेही दोनावर आले होते. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, धक्का मनाला बसलाय.

बाबा साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे गिरणीतलं मागांचं खातं, जिथे शेकडो साचे एकदम चालतात आणि शेजारच्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांच्या हालचालीवरून बोलायची. ही सवय घरीही यायची. चाळीच्या सत्यनारायणाला बाबा एका टोकाला आणि त्यांचा साचेखात्यातला दोस्त दुसऱ्या टोकाला, मध्ये पन्नास माणसं आणि भटजी, आणि हे दोघे तोंडातून अक्षर न काढता गप्पा मारून हसत बसायचे. आई चिडायची. पण तीही तेच शिकली होती. तिसरी पाळी करून बाबा सकाळी यायचे तेव्हा मी झोपलेली असायचे. खोली एकच. मग आई आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारायची, "वाढू?" मी पांघरुणातून एक डोळा उघडून कितीदा ते बघितलंय.

बाबांचे कान थोडे जड होते. साचेखात्यातल्या सगळ्यांचेच असत, त्याचं कुणाला काही विशेष वाटत नसे. बाबांशी बोलायचं तर समोर उभं राहून बोलायचं, एवढं आम्हांला लहानपणापासून माहीत होतं.

आणि त्यांची एक धून होती. शब्द नसलेली. दाढी करताना, सायकल पुसताना, ते ती शिट्टीवर वाजवायचे. मी लहान असताना ती अगदी सुरात असायची. पुढे पुढे ती घसरत गेली. आई म्हणायची, "ह्यापेक्षा आमचो कुकर बरो वाजता." बाबा हसायचे आणि तीच धून पुन्हा, आणखी बेसूर वाजवायचे. मला वाटायचं, मुद्दाम करतात. खुर्ची भिंतीकडे गेली त्या दिवसापासून शिट्टीही बंद झाली.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि स्टेशनजवळच्या एका व्हिडिओ लायब्ररीत काम करत होते. कॅसेटी देणं, घेणं, रजिस्टर लिहिणं, आणि दुपारी दुकान बंद असताना दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून कॅसेटींच्या कॉप्या काढणं. हे शेवटचं काम कायद्याने चालत नव्हतं, पण मला फार आवडायचं. मालक गुजराती होते, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. ते लग्नाच्या शूटिंगच्या कॅसेटीही करून द्यायचे. वरात, हार, जेवणाच्या पंगती, आणि मागे पाहुण्यांच्या कलकलाटाऐवजी सिनेमाची गाणी. दुबईहून आणलेल्या एका मशिनवर 'ऑडिओ डब' नावाचं बटण होतं. ते दाबलं की चित्र तसंच राहायचं आणि जुना आवाज पुसून नवा आवाज बसायचा. त्याच्या शेजारी रेकॉर्डचं लाल बटण, ते दाबलं तर चित्रही पुसलं जायचं. शेठनी मला दोन्ही दाखवून ठेवली होती आणि बजावलं होतं, "देख के दबाना हां बेटा."

मंगळवारी एका गिऱ्हाइकाने परत केलेली जुन्या कृष्णधवल सिनेमाची कॅसेट मी तपासायला लावली, आणि नावं सुरू होताच मागे बाबांची धून वाजली. व्हायोलिन आणि बासरी. सुरात, पूर्ण. मी हातातलं रजिस्टर टाकून तिथेच खाली बसले. इतकी वर्षं ही धून आम्हांला कुठे सापडली नव्हती, कारण रेकॉर्डी गाण्यांच्या निघायच्या, सिनेमाच्या मागच्या संगीताच्या कोण काढणार! लग्नाआधी बाबा लालबागला राहत तेव्हा त्यांनी हाच सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला असणार. नुसत्या त्या धुनेसाठी.

त्या क्षणी मी ठरवलं की बाबा बरे होणार. किती मूर्खपणा. पण सहा दिवसांतले पाच उरले असताना माणूस शहाणपणा कुठून आणणार?

सगळा सिनेमा घरी नेऊन दाखवणं सोपं होतं. पण सिनेमा होता एका नावाड्याचा आणि शेवटी तो बुडून मरतो. चार महिने भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला ते दाखवायची माझी छाती नव्हती. शिवाय धून यायची ती तुकड्यातुकड्यांनी. जरा सुरू झाली की कुणीतरी बोलायचं आणि ती खाली दबायची. मला ती सलग पाहिजे होती. बाटलीतलं औषध पाण्यात न ढवळता नुसतं चमचाभर पाजावं, तशी.

मग मी शेठना सांगितलं. सगळंच सांगितलं, ठाण्याचंसुद्धा. त्यांनी पान थुंकून यायला वेळ लावला आणि आल्यावर म्हणाले, "दोपहर में मशीन तेरा. शाम को मेरा."

बुधवारी मी संगीत गोळा केलं. सिनेमाभर शोधून, जिथे कुणी बोलत नाही असे तुकडे टेपरेकॉर्डरवर उतरवले आणि जोडले. चार मिनिटं झाली. गुरुवार-शुक्रवार चित्रं जोडली. एका मशिनवर सिनेमा चालवायचा, हवा तो तुकडा आला की दुसऱ्यावरचा पॉज सोडायचा. प्रत्येक जोडाला रेकॉर्ड करणारं मशिन थोडं मागे सरकायचं आणि आधीच्या तुकड्याचं शेपूट खायचं. म्हणून मी आधी एका रद्दी कॅसेटवर सराव केला. सरावासाठी मला नको असलेले प्रसंग घेतले, म्हणजे माणसं बोलत असलेले. आवाज काढून टाकल्यावर हलणारी तोंडं मुकी दिसणार होती, म्हणून खऱ्या कॅसेटवर मी एकही बोलणारा माणूस घेतला नाही. नुसत्या होड्या, शिडं, लाटा, नावाड्याची पाठ. आणि शेवट बदलला. माझा नावाडी बुडत नव्हता. त्याची होडी किनाऱ्याला लागत होती. शुक्रवारी ते मी तीनदा बघितलं आणि तिन्हीदा रडले.

घरी आई रोज संध्याकाळी लेण्यातल्या जोगेश्वरीला जाऊन येत होती. "देवीक नारळ बोललंय," एवढंच म्हणाली. शुक्रवारी बाबांनी एकच घास खाल्ला. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हटलं, "बाबा, रविवारी तुम्हाला एक गंमत दाखवणारेय, नक्की बघा हां." खुर्ची हलली नाही. त्यांच्या मानेवरचे केस वाढून कॉलरवर आले होते. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. एका माणसाने इतकं हट्टी असावं याचा मला मनापासून संताप आला होता, हे मी आज लपवत नाही.

शनिवारी दुपारी फक्त आवाज बसवायचा राहिला होता. टेपरेकॉर्डर जोडला, कॅसेट सुरुवातीला आणली, बटण दाबलं आणि स्टुलावर बसून डोळे मिटले. चार मिनिटं मी ती धून ऐकत होते. हात जोडले होते बहुतेक. संपल्यावर मागे नेऊन लावून बघितलं, तर पडदा काळा. मागे सुंदर व्हायोलिन आणि समोर काळं. मी लाल बटण दाबलं होतं.

वाट लागली होती. मी कपाटाकडे धावले तर सिनेमाची कॅसेट जागेवर नव्हती. अर्ध्या तासापूर्वी शेठनी ती गोरेगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला दिली होती, ती सोमवारी परत येणार होती. सोमवारी बाबा कुठे असणार होते! मी शेठवर ओरडले. माझी चूक, माझं बोट, आणि मी त्या माणसावर ओरडले. ते ऐकून घेत उभे राहिले. मग म्हणाले, "वो कच्चा वाला है ना? प्रॅक्टिस का?"

कच्चं होतं. बोलणाऱ्या माणसांचं. नायिका बोलतेय, तिची सासू बोलतेय, नावाडी खाटेवर बसून चहावरून काहीतरी बोलतोय. धड जोड नाहीत, कशाचा कशाला पत्ता नाही. दुसरं काही नव्हतंच, म्हणून त्यातलीच चार मिनिटं मी खऱ्या कॅसेटवर घेतली. मग बटणावर बोट ठेवून तीनदा वाचून खात्री केली आणि धून बसवली. तयार झालं ते शेठनी बघितलं. तोंडं हलत होती आणि व्हायोलिन वाजत होतं. "ये तो गूंगा पिक्चर हो गया," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळायला लागले.

रविवारी त्यांनी स्वतः रिक्षात घालून टीव्ही आणि व्हीसीआर पाठवला. चाळीत मशिन आलं की सिनेमा असणार, म्हणून दारात शेजारीपाजारी जमले. त्यांना हाकलायचं मला भान नव्हतं. काका साडेतीनलाच आला. आईने बाबांचे दोन लेंगे आणि टॉवेल पिशवीत भरून ठेवला होता. ती पिशवी दाराशी होती, आणि सगळा वेळ मला ती दिसत होती.

आम्ही बाबांची खुर्ची उचलून टीव्हीसमोर फिरवली. ते फिरवू देत, विरोध करत नसत. पण बसल्यावर त्यांनी मान वळवली आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागले. मी कॅसेट लावली. धून सुरू झाली. इतकी वर्षं आमच्या घरात जी मोडकीतोडकी वाजली ती त्या दिवशी धडधाकट वाजली, आणि आईने पदर तोंडाला लावला, तिला ओळखू आली. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

मी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. दारातल्या एका पोराने कानांवर हात ठेवले. शेवटी मी ते चाक पार टोकापर्यंत फिरवलं, टीव्हीची लाकडी पेटी थरथरायला लागली, वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. बाबा खिडकीकडे बघत होते.

काका मोठ्याने म्हणाला, "पुरे झाला गो. बंद कर ता. उठव त्येका."

मग मी ते केलं जे मुलीने बापाला करायचं नसतं. खुर्चीमागून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि पडद्याकडे वळवलं. जोर लावून. त्यांची दाढी माझ्या तळव्यांना टोचत होती. "बघा," मी किंचाळले, "बघा ना, मेहनत केलीय मी!" पडद्यावर नावाडी कप हातात घेऊन बोलत होता. माझ्या हातांतलं डोकं ताठ झालं. मी हात काढले तरी ते तसंच राहिलं, पुढे झुकलेलं.

"चाय थंड झाली, म्हणता तो," बाबा म्हणाले.

आवाज गंजलेला होता, पण तो त्यांचाच होता. खोलीत त्या धुनेखेरीज दुसरा आवाज नव्हता. पडद्यावर सासू आली. "आता ही शिव्या घालता त्येका," बाबा म्हणाले आणि किंचित हसले. मग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे वळले. मागे व्हायोलिन इतक्या जोरात वाजत होतं की ताटाळ्यातली भांडी किणकिणत होती.

"आवाज कित्या बंद केलंस गो?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. कळलं ते आईला. ती उठली, टीव्ही आणि बाबा यांच्या मधोमध येऊन उकिडवी बसली, आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तिने विचारलं, "वाढू?"

"वाढ," बाबा म्हणाले.

त्यांनी दोन वाट्या भात खाल्ला. काका जमिनीवर बसून रडला. पिशवीतले लेंगे आईने परत खुंटीला लावले.

कान केव्हा गेले ते बाबांनाही नक्की सांगता आलं नाही. संपाच्या आधीच जवळजवळ संपले होते, पण गिरणीत कान लागतातच कुणाला? आणि घरी आम्ही समोर उभ्या राहून बोलायचो. बाहेर मात्र तसं नव्हतं. वर्षभराने कधीतरी त्यांनी सांगितलं, की वॉचमनच्या नोकरीसाठी गेले होते तेव्हा साहेब तोंडासमोर रुमाल धरून बोलत होता. बाबांनी तीनदा 'काय?' म्हणून विचारल्यावर तो शिपायाला जे म्हणाला ते मात्र रुमाल काढून म्हणाला. ते बाबांना स्पष्ट वाचता आलं. त्याच दिवशी त्यांनी खुर्ची उचलली. भिंत बोलत नाही, एवढंच त्यांना पाहिजे होतं. आणि आम्ही चार महिने त्यांच्या पाठीमागून हाका मारत राहिलो, कारण खुर्चीच्या समोर भिंत होती आणि समोर उभं राहायला जागाच नव्हती. शॉक त्यांना नव्हे, आम्हांला द्यायला हवे होते. हे मी तेव्हा काकाला बोलून दाखवलं, आणि नंतर बरीच वर्षं स्वतःला.

मशिन संध्याकाळी परत गेलं. कॅसेट आमच्याकडे राहिली, लावायला काही नव्हतं. एकदा बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, ह्यात तसली मुकी माणसं कशाला घेतली होतीस? तेव्हा मला समजलं, की त्यात धून होती हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी समोर बसले. सावकाश ओठ हलवत सांगितलं, "तुमची धून घातली होती. शिट्टीची. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं वाचता आलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगू लागले. त्यांनी हाताने थांबवलं. मग ओठांचा चंबू केला आणि वाजवायला लागले. कुठे वर जायचं, कुठे थांबायचं, काहीही उरलं नव्हतं. नुसता वारा आणि मधेच एखादा चुकार सूर. मला ती धून पाठ होती, तरी ओळखता येईना. पण त्यांनी ती घाई न करता, डोळे मिटून शेवटपर्यंत वाजवली.

मग डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बरोबर," मी म्हटलं. आवाज न काढता.